श्रीपतीनं केलेली पायलटची चौकशी

माणूस ओळखायला आपल्याला अर्धा कप चहा पुरतो, असं श्रीपती छातीठोकपणे सांगायचा. मळवलीत सात बंगले सांभाळणारा माणूस! तो काय लेकीसाठी सांगून आलेला पायलट तसाच पदरात पाडून घेणार? नाव नको!

मुलगा सुदुंबऱ्याचा, समर्थ. ज्योत्स्नाला पसंत, तिच्या आईला, धोंडाबाईला तर फारच पसंत.

"इमान किती चालवलंय?" श्रीपतीनं विचारलं.

"दोनशे तास, मामा. लायसन आहे. कंपनीत निवडही झालीय, फक्त नेमणुकीचं पत्र यायचंय."

श्रीपतीनं बोटं मोजली. "म्हंजे आठच दिस! आमच्या टेंपोवाल्याला तीस वर्सं झाली, तरी मी त्याच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो!"

"दर वर्षी डॉक्टरांची तपासणीही असते," समर्थ अभिमानानं म्हणाला.

"दर वर्षी? मंग दुखतंय काय?"

"काहीच नाही!"

"काय न्हाई तर डागदर कशाला?"

झालं! श्रीपतीच्या डोक्यात शंकेनं बिऱ्हाड थाटलं. दुसऱ्याच दिवशी तो चौकशीला सुदुंबऱ्यात हजर. ज्याला विचारावं तो म्हणे, पोरगं सोन्यासारखं! एवढं चांगलं? नक्की सगळ्यांना पढवून ठेवलंय! शेवटी समर्थच्या शेजारची झुंबरबाई म्हातारी म्हणाली, "पोरगं गुणाचं, पर घोरतंय लय." तेव्हा कुठं श्रीपतीचा जीव भांड्यात पडला. खोट सापडली, म्हणजे माणसं खरं बोलतायत. जावई पक्का!

तेवढ्यात इस्त्रीच्या कपड्यातला एक गृहस्थ आला. हातात फाइल. "समर्थ कसा मुलगा आहे हो?"

श्रीपतीनं कान टवकारले. हा दुसऱ्या पोरीचा बाप! आपला पायलट पळवायला आलाय!

"नका इच्चारू," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आठ दिस इमान चालवलंय. दर साली दवाखाना. डोळ्यानं अधू, त्यात दारू! मी बघितलंय ना!"

गृहस्थानं सगळं लिहून घेतलं. नाव, गावसुद्धा. श्रीपतीनं तेही ऐटीत सांगितलं.

चौथ्या दिवशी ज्योत्स्ना रडतच आली. "आप्पा, समर्थचं पत्र अडकलं! कंपनीनं चौकशीला माणूस पाठवला होता, त्याला कुणी मेल्यानं भलतंच सांगितलंय!"

श्रीपती हळूच बाहेर सटकायला उठला. आणि दारात तोच गृहस्थ उभा! "समर्थबद्दल यांनीच सांगितलं. साक्षीदार भरवशाचा आहे का, एवढंच बघायला आलोय."

"ह्यांचा भरवसा?" धोंडाबाई उसळली. "साहेब, माझं लगीन ठरताना म्हनले, चार एकर बागाईत हाय. सव्वीस वर्सं झाली, मी अजून ती बागाईत हुडकतेय!"

गृहस्थानं श्रीपतीकडं पाहिलं. श्रीपतीनं लेकीकडं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"लिवा साहेब," तो म्हणाला. "मी लय खोटारडा हाय."

गृहस्थाचं पेन थांबलं. "आत्ता तरी खरं बोलताय कशावरून?"

श्रीपतीनं बायकोकडं बोट दाखवलं. अखेर धोंडाबाईनंच त्याच्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून सही ठोकली, तेव्हा पत्र सुटलं.

सुपारीच्या बैठकीत व्याह्यांनी मुहूर्तापासून मानपानापर्यंत सगळं धोंडाबाईलाच विचारलं. श्रीपतीनं एकदा तोंड उघडलं, तर व्याही अदबीनं म्हणाले, "तुम्ही पान खा, आप्पा!"