माधवभाऊंची पंगत

केळव्याला माधवभाऊंच्या वाडीत शिरायचं तर हातात काहीतरी मोडकं असावं लागे. सुपारीच्या दोन झाडांमध्ये आडवा बांबू, हेच त्यांचं फाटक. त्यामागे उभे राहून ते विचारत, "काय मोडलं?" वस्तू पाहून समाधान झालं तरच बांबू वर जाई.

एकदा मुंबईहून समुद्रावर आलेले एक गृहस्थ हात हलवत आले.

"माझ्याकडे मोडकं काहीच नाही," ते म्हणाले.

"मग तुमी सुखी माणूस. समुद्र तिकडं हाय."

गृहस्थांनी थोडा विचार केला, डोळ्यांवरचा गॉगल काढला, त्याची एक काडी कटकन मोडली आणि पुढे केली. माधवभाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "मुद्दाम मोडलेलं चालत नाय. वापरून मोडायला लागतं. आजच्या दिवस जा आत."

मुलांनो, हे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. बोईसरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. तेव्हाचे माधवभाऊ मला फार आवडत. प्रत्येक स्क्रूला त्यांच्याकडे स्वतःचा खण होता. आमच्या घरी आले की बोलता बोलता ते टेबलावरची पेनं एका रेषेत लावून ठेवत. मीही तशीच, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या दोघांचं एकमेकांशी चांगलं जमे आणि बाकीचे घरभर जपून चालत.

असा माणूस निवृत्तीनंतर वाडीत भंगार साठवू लागला, हे ऐकून मी पाहायलाच गेले.

आत सुपारीच्या सावलीत लग्नाची पंगत बसली होती. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येक पाटावर एक पाहुणा, प्रत्येकापुढे पत्रावळ म्हणून डब्याचं चपटं केलेलं झाकण. पाहुणे सगळे टाकाऊ वस्तूंचे. गंजलेल्या गिझरचे पोट सुटलेले मामा. कुणा कामगाराच्या तडकलेल्या हेल्मेटचा नवरदेव, मुंडावळ्या जाळ्याच्या फाटक्या दोरीच्या. विहीणबाई म्हणजे कुकर.

"हिची शिट्टी गेली तवापासून स्वभाव निवळला," माधवभाऊंनी ओळख करून दिली.

मी नेलेला शाळेतला पृथ्वीगोल त्यांना पसंत पडला. पुढच्या खेपेला तो पाटावर बसलेला होता. दोन बशा कान म्हणून लावलेल्या, नाकावर तारेचा चष्मा.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"तुमी. इंग्लिशच्या बाई. डोक्यात सगळं जग हाय."

आफ्रिकेच्या जागी मोठा पोचा होता. माझ्या शेजारी कापड उडालेल्या छत्रीच्या काड्या बसवल्या होत्या. ते तुमचे आजोबा. साम्य नाकारता येण्यासारखं नव्हतं.

वाडीत चहासुद्धा मिळत नसे. माधवभाऊ पाहुण्यांना बांबूबाहेर नेऊन चहा देत. "आत नको. पंगत बसायचीय अजून."

"बसली तर आहे की," मी म्हणे.

"भरली कुठं?"

खरंच, पहिल्या रांगेत मधोमध एक पाट रिकामा होता. मला रिकामी जागा बघवत नाही. एकदा ते फाटकाशी कुणाशी हुज्जत घालत असताना मी आणलेला बिनकानाचा कप त्या पाटावर नीट मध्यभागी ठेवला. ते परत आले आणि त्यांनी तो उचलला.

"तिथं नको, वैनी. येणारं माणूस हाय."

हे ते इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, की कोण येणार, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते मला कळलं बोईसरला. जुनी वर्तमानपत्रं द्यायला एका भंगारवाल्याकडे गेले, तर मागच्या ढिगाऱ्यात माधवभाऊ गुडघाभर शिरलेले. त्यांनी मला पाहिलं नाही.

"कुछ भी उठा ले जाते हैं," भंगारवाला म्हणाला. "लेकिन ढूँढते हैं डिब्बा. ऊपर नाम खुदा हुआ. सुमन. आठ साल से हर शुक्रवार आते हैं."

सुमन माझी जाऊ, माधवभाऊंची बायको. मला आठवलं. कारखान्यात कुणी काम सोडलं, की त्याचं कपाट त्याच दिवशी रिकामं करायचं आणि राहिलेलं सामान डेड स्टॉक म्हणून काढून टाकायचं, अशी माधवभाऊंची शिस्त होती. सुमन गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं कपाट, तिची फळी, तिची ट्रंक त्याच शिस्तीने रिकामी केली आणि दारात आलेल्या भंगारवाल्याला सगळं देऊन टाकलं. तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं होतं, माणूस असावा तर असा. उगीच पसारा नाही.

घरी येऊन मी तडक माळ्यावर चढले. मला चढताना पाहून तुमचे आजोबा घाबरून शिडी धरायला धावले. डब्यांच्या तिसऱ्या रांगेत तो होताच. ॲल्युमिनियमचा, कडी तुटलेली, तांब्याच्या तारेने बांधलेली, झाकणावर ठिपक्यांनी कोरलेलं 'सौ. सुमन'. शेवटच्या उन्हाळ्यात तिने त्यातून मला सुक्या बोंबलांची चटणी पाठवली होती. डबा रिकामा परत करायचा नसतो. काय भरून द्यावं हे ठरेपर्यंत पावसाळा आला आणि ती गेली. मी त्यावर चिठ्ठी लावली होती, 'परत करणे'. अक्षर सुंदर होतं.

दुसऱ्या दिवशी मी नारळाच्या वड्या केल्या आणि केळव्याला गेले.

"काय मोडलं?" बांबूमागून माधवभाऊंनी विचारलं.

मी डबा पुढे केला. त्यांनी चष्मा लावला नाही. झाकणावरून अंगठा फिरवत ते ठिपके एकेक करून वाचले. बराच वेळ लागला. नाव काही फार लांब नव्हतं.

"तुमच्याकडं होता?"

"माळ्यावर. आठ वर्षं. चुकलंच माझं."

"चुकलं कसं? तुमी टाकला नाय." मग डबा कानाशी धरून त्यांनी हलवून पाहिला. "रिकामा नाय ना?"

"नाही."

त्यांनी बांबू वर केला, आत जाऊन डबा रिकाम्या पाटावर ठेवला. मला वाटलं, आता कान लावतील, नाक लावतील. त्यांनी काही लावलं नाही. केळीचं पान कापून आणलं, पुसलं, डब्यापुढे मांडलं आणि स्वतः रांगेच्या टोकाला मातीत मांडी घालून बसले.

"वाढा, वैनी."

मी डबा उघडला आणि वडी घेऊन सवयीने आधी त्यांच्याकडे वळले. पुरुषांना आधी वाढायचं, असंच आम्ही दोघी जन्मभर करत आलो होतो.

"आदी तिला," माधवभाऊ म्हणाले. "रोज शेवटी जेवायची ती."