रुद्रभूमीची चौदावी जागा

सकाळी साडेनऊला गुरुबसप्पा चहाची बशी खाली ठेवून भिंतीला टेकले, ते टेकलेच. घरात रडारड सुरू झाली तशी त्यांच्या बायकोने, सिद्धम्माने, सुनेला खूण करून आत बोलावलं. आठ महिन्यांची अक्षरा सुकन्याच्या कडेवरच होती.

"तुझ्या मशीनीत बघ गं," सिद्धम्मा म्हणाली. "ह्यांच्या शेजारी मलाबी जागा पाहिजे. बावन्न वर्षं संग बसलो. तितं परक्याजवळ न्हाई बसायचं मला."

"बघते, अव्वा."

उदगीरच्या त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात. त्या रुद्रभूमीचा नकाशा सुकन्यानेच दीड वर्षापूर्वी मशीनवर चढवला होता. ती घरी बसून बंगळूरच्या एका कंपनीचं काम करायची, आणि तेही संगणकाच्या अशा भाषेत की अख्खा तक्ता एका ओळीत हलवता यावा आणि हो-नाही साठवायला एक बिट पुरावा. जागा रिकामी तर शून्य, कुणी बसलेलं असेल तर एक. अशी आठ उत्तरं एका डबीत. तेरा रांगा, रांगेत तेरा जागा. म्हणजे रांगेला दोन डब्या. सगळ्या समाजाचं मरण सव्वीस डब्यांत मावलं, याचा तिला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

त्याआधी एका खड्ड्यावरून दोन घरांत फावडी चालली होती. म्हणून रुद्रभूमीच्या ट्रस्टने ठरावच केला : मशीनची चिठ्ठी सांगेल ती जागा, पुढे वाद नाही.

आजवर ज्याला त्याला एकेकच जागा लागे. लगतच्या दोन शोधणारी ओळ सुकन्याने त्या सकाळी डोळे पुसत, पदराखाली अक्षराला पाजत लिहिली. उत्तर झटकन आलं. रांग पहिली, जागा चौदा आणि पंधरा. तेरापुढे चौदा कुठून आले, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सासूचा हात तिच्या डोक्यावरून फिरत होता.

ट्रस्टचे सेक्रेटरी उमाशंकर यांनी चिठ्ठीवर शिक्का मारला. चार वाजता फुलांनी सजवलेल्या विमानात बसून, चौघांच्या खांद्यावरून गुरुबसप्पा रुद्रभूमीत पोचले. खड्डा खणणारा बजरंग कंपाउंडच्या भिंतीपाशी पहार मांडीवर घेऊन बसला होता.

"खड्डा कुठंय रे?" उमाशंकरांनी विचारलं.

"दुपारपासून तीनदा मोजून राहिलो, साब. चौदावी जागा भिंतीत हाय. आन पंधरावी पलीकडं, जिलेबीच्या भट्टीखाली."

पलीकडे मंगल कार्यालय होतं.

उमाशंकरांनी चिठ्ठी पाहिली, भिंत पाहिली, पुन्हा चिठ्ठी पाहिली. "मंग भिंत चुकीची हाय," ते म्हणाले. "रांगेमागं तीन, म्हंजी एकोणचाळीस जागा दाबल्यात त्यांनी. आना पहारी."

पहारी आल्या. भिंतीवरून कार्यालयाच्या मॅनेजरचं डोकं वर आलं. "ओ मालक, लगीन लागून राहिलंय. घंटाभर दम धरा, मंग बोलू जागेचं."

सुकन्या पहारींसमोर येऊन उभी राहिली. तिला आत्ता उमगलं होतं.

"काका, भिंत बरोबर हाय. मी चुकले. दोन डब्यांत सोळा खण. तेरा भरले की तीन उरतात, त्यात नुसती शून्यं भरलेली असतात. माझ्या नव्या ओळीनं ती बी रिकामी जागा म्हणून मोजली."

"तू बंगळूरच्या कंपनीत हायस, पोरी. तू कशी चुकशील?"

"चुकले."

"दुःखात हायस. बस जरा."

पहिली वीट पडली. ऊन भिंतीवर चढलं होतं, आणि त्यांच्याकडे अंधार पडल्यावर समाधी देत नसत. सुकन्या अक्षराला कडेवर घेऊन आवारातल्या ट्रस्टच्या खोलीत धावली आणि तिथल्या लॅपटॉपवर ओळ दुरुस्त केली. सुट्या रिकाम्या जागा चार. लगतची जोडी एकही नाही.

दारात सिद्धम्मा उभी होती. "न्हाई का गं?"

सुकन्याने चारी जागा पुन्हा ताडून पाहिल्या. मग तिला एक आठवलं. बिटात तिसरं उत्तर मावत नाही. 'राखून ठेवली' असं लिहायला खणच नव्हता, तेव्हा तिने राखलेल्या दोन जागांपुढेही एकच लिहिला होता.

"काका," ती बाहेर येऊन म्हणाली, "पाचव्या रांगेत सहा-सातला कोण हाय?"

उमाशंकरांची पहार खाली आली. "ती ठरावानं राखलेली हाय. माझी आन आमच्या घरच्यांची."

"मशीनीत तिथं एक हाय. म्हंजी तुम्हा दोघांना जाऊन दीड वर्ष झालं."

विमान समोर होतं म्हणून कुणी हसलं नाही. दोघातिघांना ठसका तेवढा लागला.

सिद्धम्मा पुढे झाली. "उमाशंकर, तुला घाई हाय का?"

"न्हाई, वैनी."

"मंग सोड."

दिवस बुडायच्या आत बजरंगने खणलं. भस्म पडलं, बेल पडला, माती पडली. भिंतीपलीकडे अक्षता पडल्या.

"नोंद तेवढी करून टाक, पोरी," निघताना उमाशंकर म्हणाले.

सुकन्याने फाइल उघडली आणि पाहतच राहिली. पाचवी रांग, सहा : एक. सात : एक. सासरे गेले आणि एक बिटसुद्धा हलला नव्हता.

"झाली का नोंद?" सिद्धम्माने विचारलं.

"आधीच झालेली होती, अव्वा."

"आन माझी?"

सुकन्या अक्षराचं टोपडं सारखं करत राहिली. "तुमची बी."

"बरं झालं," सिद्धम्मा म्हणाली आणि तिने हात पुढे केले. "दे ती पोर हिकडं. सकाळधरनं तुझ्या पोटात काई न्हाई. दोन घास खाऊन घे."