जावईबापूंचा श्रेडर

खरं तर छाटलेल्या फांद्यांचा भुगा करणारा श्रेडर भाड्याने मिळत होता. जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या दुकानातला माणूस फक्त एवढंच म्हणाला, "आल्झो, म्हणजे असं बघा, आधी तासाभराची आइनवायझुंग घ्यावी लागेल. मशीन कसं चालवायचं ते मी दाखवीन."

बस्स. उत्कर्षच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, जर्मनीतल्या मोटारींच्या धंद्यात सहा वर्षं मुरलेला, आणि त्याला हे मशीन शिकवणार? (त्या सहा वर्षांत उत्कर्षने कॉम्प्युटरवर एकच गोष्ट पाहिली होती: डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण किती वेळा उघडलं की मोडतं. पण हे दुकानदाराला कशाला सांगा?) तो तडक घरी आला आणि म्हणाला, "मीच बनवतो. ट्रॅक्टरवर चालणारा. तीन आठवडे आहेत."

वसुधा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"मागच्या वर्षी तू बुटांचं कपाट जोडलं होतंस, उत्कर्ष. ते अजून भिंतीला टेकून उभं असतं."

"कपाट वेगळं, रोटर वेगळा."

"बाग जाईल हं आपली," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. पण ती पोळी काही गोल झाली नाही.

बाग म्हणजे गावाबाहेरच्या उतारावरची सफरचंदाची बावीस झाडं. मालक हेर, म्हणजे श्रीयुत, बॉयर्ले, वय वर्षं एक्क्याऐंशी, शब्दाला पक्के आणि घड्याळाला त्याहून पक्के. भाडेकरार फेब्रुवारीअखेर संपत होता. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "छाटलेल्या सगळ्या फांद्या गवतावरून उचला. सोमवारी मेंढ्या चरायला येतात. शनिवारी बारा वाजता मी बघायला येईन. गवत मोकळं दिसलं तर करार पुढे, नाहीतर दुसरे लोक थांबलेत." या देशात आल्यावर पहिली दोन वर्षं वसुधाने खिडकीशी बसून काढली होती. नोकरी नाही, भाषा नाही, बोलायला माणूस नाही. या बागेने तिला उठवलं. बॉयर्लेंशी बोलत ती जर्मन शिकली, त्यांचा जुना ट्रॅक्टर चालवायला शिकली, गेल्या वर्षी तर सफरचंदाचा मुरांबा गावच्या बाजारात मांडला. बाग गेली तर ती पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसेल, हे उत्कर्षला पक्कं ठाऊक होतं. अशा वेळी शहाणा माणूस मुकाट्याने तासभर शिकून घेतो. उत्कर्ष वेल्डिंग मशीन घेऊन आला.

त्यातच वसुधाचे वडील तीन महिन्यांसाठी आलेले. शरदचंद्र, सांगलीच्या पंपाच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. उत्कर्षने त्यांना गॅरेजमध्ये काय विचारावं? काहीच नाही! सासऱ्यांना विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. उलट त्याने त्यांना आणि वसुधाला खुर्च्यांवर बसवून बत्तीस स्लाइडचं प्रेझेंटेशन दिलं. चौदाव्या स्लाइडवर हातवाऱ्यांचा तक्ता होता: एक हात वर म्हणजे थांब, दोन्ही हात वर म्हणजे वेग वाढव.

गुरुवारी पाती बसवलेला रोटर तयार झाला. शरदचंद्रांनी पात्यांवरून अंगठा फिरवला, वाकून शाफ्ट पाहिला, पुन्हा पाती पाहिली. श्रीखंडात केस सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"जावईबापू, ट्रॅक्टरचा पीटीओ, तो यंत्र फिरवणारा मागचा शाफ्ट, कुठल्या बाजूला फिरतो म्हणालात?"

"डावीकडे, बाबा. सीटवर बसून, मागे वळून मी स्वतः पाहिलंय."

"सीटवर बसून."

"हो."

"छान, छान." त्यांनी पात्याला टिचकी मारली. "एकदा जोडून, हाताने फिरवून बघायचं का?"

"बाबा, कॉम्प्युटरवर सगळं सिम्युलेट केलंय."

शरदचंद्रांनी चहा मागितला. त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

शनिवार उजाडला. दहा वाजता यंत्र ट्रॅक्टरला जोडलं. गवतावर फांद्यांचे तीन ढीग, एकेक माणसाहून उंच. शरदचंद्रांनी हॉपरला, म्हणजे फांद्या घालायच्या तोंडाला, हळदकुंकू वाहिलं, दगडावर नारळ फोडला. साडेदहा. वसुधा ट्रॅक्टरवर चढली. उत्कर्षने हेल्मेट घातलं, कानांवर आवाज रोखणाऱ्या जाड वाट्या चढवल्या. शरदचंद्रांनी गळ्यातला लाल मफलर काढून त्याच्या हातात दिला आणि काहीतरी बोलले. उत्कर्षला काय ऐकू येणार? त्याने मान डोलावली, हातात फांदी घ्यायची होती म्हणून मफलर हॉपरच्या कडीला अडकवला आणि वसुधाला खूण केली.

यंत्र घरघरलं. उत्कर्षच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने मनगटाएवढी फांदी आत सरकवली आणि चटकन मागे झाला. आतून ठाण् ठाण् आवाज आला. क्षणभर काही नाही. मग ती फांदी जशी गेली तशीच, अखंड, हॉपरमधून वर उडाली आणि त्याच्या डोक्यावरून थेट कुंपणाजवळ जाऊन पडली.

"चावत नाहीये!" तो ओरडला. दुसरी घातली. तीही उडाली. तिसरीने हेल्मेटला टपली मारली. अकरा वाजत आले होते. बॉयर्ले बाराला येणार म्हणजे बाराला एक मिनिट कमी असताना फाटकाशी उभे राहणार. वेडापिसा होऊन उत्कर्ष फांद्या कोंबत सुटला आणि यंत्र त्या परत फेकत सुटलं.

आणि अचानक फांदीऐवजी लाल काहीतरी उडालं. लाल चिंध्या. एक त्याच्या हातमोज्यावर येऊन चिकटली.

मफलर! त्याने वळून पाहिलं. जिथे सासरे उभे होते तिथे कोणीच नव्हतं. नुसता फुटका नारळ.

उत्कर्ष ओरडला, "बाबा!" आवाज इंजिनात बुडाला. "बंद कर! वसुधा, बंद कर!" म्हणत त्याने जिवाच्या आकांताने दोन्ही हात वर केले.

वसुधाला चौदावी स्लाइड आठवली आणि तिने वेग वाढवला.

आता फांद्या बाणासारख्या सुटल्या. उत्कर्ष दोन्ही हात नाचवत ट्रॅक्टरकडे धावला. ती आणखी वेग वाढवायला लागली. त्याने शेवटी हेल्मेट काढून बॉनेटवर आपटलं, तेव्हा कुठे इंजिन बंद झालं. एवढी शांतता पसरली की दूरच्या रस्त्यावरची मोटार ऐकू आली.

"काय झालं?"

उत्कर्षने नुसती लाल चिंधी पुढे केली. वसुधाने ती पाहिली. ती ट्रॅक्टरवरून उतरली ती जवळजवळ पडलीच. "बाबा! अहो बाबा!"

"काय गं?" औजारांच्या खोपटामागून आवाज आला. पाठोपाठ माकडटोपी बाहेर आली आणि तिच्याखाली शरदचंद्र, सगळेच्या सगळे. वसुधा धावत जाऊन त्यांना बिलगली आणि रडायला लागली. उत्कर्ष मटकन गवतावर बसला.

"पण तुमचा मफलर..."

"तुमच्याकडेच दिला होता की! चालत्या शाफ्टजवळ मफलर घालून उभा राहायला मी काय कॉम्प्युटरवाला आहे?"

"आणि तुम्ही तिकडे मागे काय करत होतात, बाबा?" वसुधाने डोळे पुसत विचारलं.

शरदचंद्र घुटमळले. "अगं, पाती उलटी बसलीत. गुरुवारीच दिसलं मला. सीटवरून बघितलं की शाफ्ट डावीकडे फिरतो, मशीनकडून बघितलं की उजवीकडे. पण जावयाला चूक कशी दाखवायची? तुझ्या आईने ज्यांचे पाय धुतलेत, त्यांना मी म्हणू, तुमचं चुकलं? फजिती डोळ्यांदेखत बघवेना, म्हणून मागे जाऊन उभा राहिलो."

"मला विचारायची लाज वाटली," उत्कर्ष खाली मान घालून म्हणाला, "आणि तुम्हाला सांगायची."

"तुमच्या दोघांच्या मानापानात माझी बाग चालली!" वसुधा कडाडली. "उठा! अकरा वीस झालेत. उचला फांद्या!"

मग मानपान गेलं खड्ड्यात. दोन ढीग यंत्राने कुंपणाकडे भिरकावलेच होते. तिसरा तिघांनी ओढला. शरदचंद्र "हेइया" म्हणत खेचत होते, वसुधा काटक्यांनी ओरबाडली होती, उत्कर्षच्या पाठीतून कळ येत होती. शेवटची फांदी कुंपणाशी टाकली आणि फाटक वाजलं. बारा.

हेर बॉयर्ले काठी टेकत आले. गवत पाहिलं. मग कुंपणाजवळची ती लांबच लांब, छातीएवढी रांग पाहिली आणि थांबले.

"काटेरी जाहकांसाठी?" म्हातारबुवांचा आवाज एकदम मऊ झाला. "पक्ष्यांसाठी? माझे वडील अशीच रांग रचायचे. हल्लीचे लोक श्रेडर आणतात आणि सगळ्याचा भुगा करून टाकतात."

"गेनाऊ, अगदी तसंच," वसुधा म्हणाली. तिने उत्कर्षकडे पाहिलंही नाही.

बॉयर्लेंनी काठी यंत्राकडे केली. "आणि हे काय आहे?"

शरदचंद्रांना जर्मन कळत नव्हतं, पण बोटाची दिशा कळली. छाती पुढे काढून ते मराठीत म्हणाले, "आमच्या जावयांनी स्वतः बनवलंय!"

करार दहा वर्षांचा झाला, वसुधाच्या नावाने. यंत्र दोन आठवड्यांनी हलवायचं ठरलं होतं, पण तोवर एका काळ्या पक्षिणीने हॉपरमध्ये संसार मांडला आणि बॉयर्लेंनी त्याला हात लावायची मनाई केली.

एप्रिलमध्ये सांगलीहून शरदचंद्रांचा व्हिडिओ कॉल आला. "काय जावईबापू, यंत्र फांद्या घेतंय का?"

"घेतंय, बाबा," उत्कर्ष पडेल आवाजात म्हणाला. "रोज वीस-पंचवीस काड्या आत जातात."

"आणि बाहेर?"

"बाहेर मेमध्ये चार पिल्लं येतील असा अंदाज आहे."

आता शरदचंद्रांना मानपानाची चाड उरली नव्हती. "बरं, एक सांगू? ती कुठल्या बाजूने बाहेर पडणार, हे तेवढं सीटवर बसून ठरवू नका."