व्हिएन्नातली आठ म्युझियम

फोटोत बाबांच्या खांद्याला बायकी पर्स होती.

वैदेहीने फोटो मोठा करून पाहिला. मागे गुलाबांची बाग, पुढे बाबा, आणि शेजारी पर्सच्या मालकीणबाई मालिनीकाकू आइस्क्रीम खाताना. मराठी मंडळाची ज्येष्ठांची सहल व्हिएन्नाला गेली होती. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं, बाबा घराबाहेर पडत नाहीत, म्हणून वैदेहीनेच त्यांना बळेबळे पाठवलं होतं.

"आईची पर्स कधी धरली होती त्यांनी?"

"अगं, काकू खातायत," तिचा नवरा मिहीर म्हणाला. "माणसाला हात दोनच असतात."

"आईलाही दोनच होते."

दुसरा दिवस सहलीत मोकळा होता. वैदेहीने इकडे अमेरिकेत, पार्सिपनीच्या ऑफिसात बसून एक्सेल शीट केली. नऊला राजवाडा, साडेदहाला घड्याळांचं म्युझियम, मग चित्रं, मग डायनॉसोर... एकूण आठ ठिकाणं, जेवायला वीस मिनिटं. सगळी तिकिटं ऑनलाइन काढली. एकेकच, फक्त बाबांचं. काढलेलं तिकीट वाया घालवणं बाबांना या जन्मी जमणार नव्हतं.

तासाभरात त्यांचा फोन आला. "वैदू, एकेकच तिकीट आलंय गं. गडबडीत राहिलं असेल. मालिनीचं मी काढलं."

'मालिनीताईं'मधली ताई कुठे गळाली, हे वैदेहीने विचारलं नाही. "आठही?"

"आठही!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये तिने चोरून बाबांचं लोकेशन पाहिलं. व्हिएन्नात तीन वाजले होते आणि निळा ठिपका एका बागेत ठाण मांडून बसला होता. ती फोन घेऊन बाहेर धावली.

"बाबा, बागेत काय करताय?"

"अगं, दुसऱ्याच म्युझियमच्या जिन्यात मालिनीचे गुडघे गेले. अकरापासून बाकावर बसलोय."

चार तास! गुलाबांत! आणि हे सगळं तिने स्वतः, टाइम-स्लॉटसकट जमवून दिलं होतं.

तेवढ्यात काकूंनी फोन ओढून घेतला. "वैदेही, उद्या किती म्युझियम आहेत?"

"उद्या... तुम्ही ग्रुपबरोबर आहात ना? का?"

"आठ नको, दहा कर बाई! मी गोळी घेऊन चालते. अकरापासून तुझ्या आईचंच पुराण ऐकतेय. तिची आमटी झाली, तिचं ड्रायव्हिंग झालं, आता किचनचा रंग चाललाय. म्युझियममध्ये निदान हळू तरी बोलावं लागतं!"

मागून बाबांचा आवाज आला, "मालिनी, थांब, तिने तो रंग दुकानात परत कसा केला, ते राहिलंच—"

वैदेही रिकाम्या कॉन्फरन्स रूममध्ये शिरली आणि दार लावून घेतलं.

"काकू," ती म्हणाली, "फोन स्पीकरवर ठेवा ना जरा."