आवाज पिणारे शेवडे

नगरपालिकेच्या तक्रार खिडकीतून निवृत्त झालेल्या शेवड्यांना पाणबुडीच्या नाकावर बसवायचं नौदलाने ठरवलं, कारण त्यांच्याकडे गेलेला आवाज परत येत नसे.

ही बातमी इमारतीत सगळ्यांच्या आधी कुमुदताई साळगावकरांना कळली. त्या शेजारीच राहत आणि दोन्ही घरांच्या गॅलऱ्यांमध्ये फक्त एक जाळी होती. शेजाऱ्याकडे गणवेशातला माणूस आल्यावर जाळीपाशी कपडे वाळत घालायला जाणं हा काही गुन्हा नव्हे. कपडे आधीच वाळलेले होते, ही गोष्ट वेगळी.

आलेले कमांडर देवस्थळी सभ्य होते. शत्रू पाण्यात आवाज सोडतो, तो पाणबुडीवर आपटून माघारी येतो आणि पाणबुडी सापडते, असं त्यांनी समजावलं. म्हणून पाणबुडीला बाहेरून आवाज पिणाऱ्या रबरी लाद्या लावतात. पण रबर ते रबर, थोडा आवाज परत देतंच. शेवड्यांच्या खिडकीत मात्र गावाने वर्षानुवर्षं गटारं, दिवे आणि कुत्री ओरडून सांगितली, त्यातलं एक अक्षरही बाहेर आलं नव्हतं.

"पण एवढी मोठी पाणबुडी, आणि आमचे भावजी अंगाने हे असे," कुमुदताई जाळीतून म्हणाल्या. "पुरतील का?"

"पुढे एक बसवला की पुरे. बाकीच्या लाद्या त्याचं बघून शिकतात."

हे कुमुदताईंना पटलं. नगरपालिकेतही असंच झालं होतं.

"आणि परत कधी आणून सोडणार?"

"पाणबुडी भंगारात निघाली की," कमांडर म्हणाले.

शेवडेवहिनींनी लगेच होकार दिला. "न्या बापडे. घरात मला फरक जाणवायचा नाही. फक्त गळ्याला मफलर असू द्या, गार पाणी बाधतं त्यांना."

शेवडे काही बोलले नाहीत. कमांडरांना ते फार आवडलं.

फरक जाणवणार होता तो कुमुदताईंना. रोज दुपारी जेवणं उरकली की त्या जाळीपाशी उभ्या राहून शेवड्यांना सगळं सांगत. इमारतीचं तर सांगतच, पण सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं तेही सांगत. त्यांचा तुषार दोह्याला होता आणि गणपतीपासून त्याचा फोन नव्हता. इतर कुणाला हे कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत खालच्या वाण्याला कळलं असतं. कुमुदताईंना याची खात्री होती, कारण वाण्यापर्यंत बातम्या पोचवायचं काम बहुतेक त्याच करत. शेवड्यांकडे दिलेली गोष्ट मात्र बुडायची. माणसाला अशी एक जागा लागते. ती आता समुद्रात चालली होती.

चाचणी सोसायटीच्या खालच्या टाकीत झाली. शेवड्यांना मफलरसकट गळ्यापर्यंत पाण्यात बसवलं आणि काठावर परत येणारा आवाज मोजणारं काट्याचं यंत्र ठेवलं. भोंगा वाजवला, ताशा वाजवला, सेक्रेटरींनी पार्किंगवरचं भाषण पुन्हा केलं. काटा हलला नाही. नियमाप्रमाणे शेवटी घरोब्याचा आवाज सोडायचा होता.

"माझा नको, मी बोलून बघणं कधीच सोडलं," वहिनी म्हणाल्या. "कुमुदताईंना बोलवा."

कुमुदताई काठाशी आल्या. पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंचं सांगितलं, काटा हलेना. सेक्रेटरींच्या मेहुण्याचं सांगितलं, सेक्रेटरी हलले, काटा नाही. कमांडर पसंतीची सही करायला पेनाचं टोपण काढू लागले.

तेव्हा कुमुदताईंना ती खिडकी आठवली. तिथून आवाज परत येत नसे हे खरं, पण चुकीचा भरलेला अर्ज शेवडे त्याच क्षणी परत करत. वॉर्ड चुकला की त्यांना राहवत नसे.

टाकीभोवती सगळी सोसायटी जमली होती. कुमुदताईंनी एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं, पदर सारखा केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "आमचा तुषार मस्कतला असतो. दर रविवारी फोन करतो."

मफलर हलला.

"दोहा," शेवडे म्हणाले. "आणि करत नाही."

काटा टोकाला जाऊन आपटला. लोक यंत्राकडे बघायचं सोडून कुमुदताईंकडे बघू लागले. कमांडरांनी 'माल गळका' असा शेरा मारला.

"ताई, देशाचं नुकसान केलंत."

"असेल," कुमुदताई म्हणाल्या. "भावजी, वर या आता, सर्दी होईल."

संध्याकाळी वाण्याने साबणाची वडी देता देता विचारलंच, "तुषारचा फोन नाही म्हणे?"

नौदलाने मग नगरपालिकेतली ती खिडकीच चौकटीसकट उचलून नेली. तिच्या जागी आता नुसती भिंत आहे. लोक भिंतीपुढे रांग लावून तक्रार करतात, कामाच्या वेगात फरक पडलेला नाही. पाणबुडी उत्तम चालली आहे. शत्रूला ती सापडत नाही आणि गेल्या महिन्यापासून नौदलालाही सापडलेली नाही.

ही बातमी कुमुदताईंनी दुपारी जाळीपाशी शेवड्यांच्या कानावर घातली. तुषारचा अजून फोन नाही, हेही सांगितलं. आत गेलं. परत काही आलं नाही.