गाडीच्या पोटात सापडलेलं नाव

गाडीचा गंज वरून दिसत नाही, तो खालून खात येतो. हे ज्ञान मला एका रविवारी अकरा व्हिडिओ पाहून झालं आणि सोमवारी मी ऑफिसात रजा टाकली. आमची गाडी सव्वीस वर्षांची. बाबांनी, म्हणजे गुणाजी परबांनी, मिल सुटल्यावर ती घेतली आणि माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त केले. ते सध्या गावी गेले होते. परत येईपर्यंत गाडीचं पोट घासून, त्यावर अंडरकोटिंगचा काळा थर देऊन त्यांना चकित करायचं, असा माझा बेत होता. ते चकित झाले, यात वाद नाही.

खोताच्या वाडीत आमच्या समोरच ऑस्वाल्ड अंकल राहतात. बाबांचे जुने दोस्त, सगळी हयात गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. गाडी चढवायचे रॅम्प त्यांच्याकडे मागितले, तर मी किडनी मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. जुन्या गाडीच्या पोटात हात घालू नये, गंजावरच ती टिकून असते, असं बरंच काही म्हणाले. शेवटी रॅम्प दिले, पण दर अर्ध्या तासाने येऊन वाकून बघायचे.

"उजवी बाजू कर," तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले. "डावी राहू दे. डावी चांगली आहे."

मला वाटलं, माझ्या कामावर विश्वास नाही. उजवीकडचं कोटिंग संपवून मी डावीकडे दुप्पट जोराने वायर ब्रश चालवला. चिखल पडला, जुना रंग पडला, आणि आतला पत्रा आरशासारखा चमकायला लागला. सव्वीस वर्षांच्या गाडीचा पत्रा चमकतो, म्हणजे माझ्या हाताला काय गुण असेल! मग अक्षरं दिसली. मी पाठीवर पडल्या पडल्या मोठ्याने वाचलं, "चि. सौ. कां. सुभद्रा हिस मामाकडून सप्रेम भेट."

सुभद्रा म्हणजे माझी आई. आणि ही तिची लग्नातली स्टीलची परात.

या परातीचं महाभारत अख्ख्या वाडीला पाठ आहे. नऊ वर्षांपूर्वी नाताळात इनेझ आंटीने, म्हणजे ऑस्वाल्ड अंकलच्या बायकोने, कुलकुलचं पीठ मळायला ती नेली होती. आंटी म्हणाली, तुझ्या दारच्या ओट्यावर परत आणून ठेवली. आई म्हणाली, आलीच नाही. शब्दाला शब्द लागला. तीस वर्षं एकमेकींच्या घरी कालवणाच्या वाट्या पोचवणाऱ्या दोघींनी बोलणं टाकलं. आंटी चर्चला जायला वाडीचा लांबचा रस्ता धरायला लागली.

मी लगेच ब्रश काळ्यात बुडवला आणि नाव झाकायला घेतलं. पण आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"कोणाचं नाव घेतलंस रे?"

"कोणाचं नाही," मी म्हणालो.

माझं 'कोणाचं नाही' आई शाळेपासून ओळखते. एकोणसत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानिशी, ती गोणपाटावर माझ्या शेजारी आडवी झाली. कपाळावर काळे थेंब पडले तरी तिने पुसले नाहीत. अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"माझ्याच सीटखाली," ती हळूच म्हणाली. "नऊ वर्षं मी तिच्यावर पाय ठेवून बसतेय."

मग उठली आणि तशीच समोरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. इनेझ आंटीने दार उघडलं.

"इनेझ, परात सापडली. तू ठेवली होतीस. मी चुकले गो."

आंटीने तिला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, आपल्या फडक्याने तिचं कपाळ पुसलं. पुसता पुसता परात कुठे होती ते विचारलं. आईने सांगितल्यावर दोघींनी मिळून ऑस्वाल्ड अंकलकडे पाहिलं. ते मागच्या दाराशी चपला घालत होते.

त्यांनी सगळं कबूल केलं. त्या नाताळात आम्हाला दुसऱ्या दिवशी मामाच्या मुलीच्या लग्नाला निघायचं होतं, आणि ऐन वेळी गाडीचा डावा पत्रा गळून पडला. वेल्डर सगळे सुट्टीवर. ओट्यावर परात दिसली. दोन दिवसांसाठी म्हणून दोघा मित्रांनी ती स्क्रूने बसवली. परत येऊन काढणार, तोच भांडण पेटलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता नऊ वर्षं गेली.

आईने बाबांना फोन लावला आणि परात सापडल्याचं सांगितलं. मग बाबा अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "इथे रेंज नाही," आणि फोन ठेवला.

आईला परात त्याच क्षणी हवी होती. मी चौदा स्क्रू काढले. संध्याकाळी दोघींनी ती राखेने घासली आणि चौदा भोकांकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. चौथ्या दिवशी बाबा आले. घरी यायच्या आधी आंटीच्या दारात खाली मान घालून बराच वेळ उभे होते. आंटीने आधी पाणी दिलं, मग ऐकवलं.

राहिलं गाडीचं भोक. वडाळ्याहून वेल्डर आला, खाली सरकला आणि कोटिंग कोणी केलंय ते विचारलं. मी पुढे झालो. एवढं पक्कं काम आपण कंपनीतही पाहिलं नाही, असं तो म्हणाला. मी आईकडे पाहिलं, तिनेही ऐकलं होतं.

"आता हे सगळं खरवडून काढा," तो म्हणाला. "याच्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली तर गाडी पेटेल."

आज रविवार. सकाळपासून बाबा, अंकल आणि मी गाडीखाली आडवे आहोत. ओट्यावर दोघी चहा पितायत आणि मधूनच वाकून, अजून कुठे काळं राहिलंय ते सांगतायत.