न ओवलेला मणी

वस्तू उपयोगी पडू लागली की तिची किंमत संपते, हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळले. काचेच्या मण्यांपुरते ते आमच्या मणी-मूल्य मंडळाला सर्वांत आधी कळले, याचा सभासद म्हणून मला सार्थ अभिमान आहे.

ज्योतीवर वितळवलेली काच सळईवर गुंडाळायची आणि गार झाल्यावर सळई ओढून काढायची, की झाला हाती घडवलेला मणी. सळई निघते तिथे भोक राहते. अडाणी लोक त्या भोकात दोरा घालतात. (माझी बायको त्यांपैकीच.) मंडळाचा दंडक असा, की दोरा गेला की मणी दागिना झाला, ज्यातून दोरा कधीच गेला नाही, ती कला. दागिना वजनावर विकला जातो, कला कुजबुजीवर. मंडळाच्या पाहणीनुसार ब्याण्णव टक्के संग्राहकांना आपला मणी बघायलाही आवडत नाही. उरलेले आठ टक्के नवखे आहेत.

माझ्याकडे एकच मणी होता, पण निळा, आणि आत सोनेरी धूर कोंडल्यासारखा. तो बायकोच्या मावशीने केलेला. मावशी ज्योतीसमोर बसून शेजारणीशी गप्पा मारते, त्यामुळे तिचा प्रत्येक मणी एका अंगाला झुकतो. मंडळाने याला 'कलावंताची अंतर्गत बेचैनी' असे नाव दिले आणि मावशी रातोरात थोर झाली. "अरे, पण तो ओवायला केलाय ना?" एवढेच ती म्हणाली. थोरांना स्वतःची कला कळत नाही, हे मंडळाच्या माहितीपत्रकात आहेच.

बायकोला तो मणी धाकट्या बहिणीच्या लग्नात गळ्यात घालायचा होता. मी म्हणालो, "प्रमाणपत्र मिळू दे, मग तुला लांबून दाखवीन." त्यावर तिने लग्नात नेसायची निळी साडी काढून ठेवली.

मण्याच्या परीक्षेला ती माझ्याबरोबर मंडळात आली. खोलीतला पंखा बंद होता, कारण भोकातून वारा जाऊ द्यायचा नव्हता. (वारा हा दोरा मानावा काय, हे उपसमितीकडे आहे.) मुख्य परीक्षक निवृत्त दंतवैद्य. त्यांची पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. मण्यातून पूर्वी दोरा गेला आहे का, हे तपासण्यासाठी ते मण्यातून दोरा घालून बघतात.

दोरा सुळकन पार गेला आणि स्वच्छ बाहेर आला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "यातून दोरा कधीच गेलेला नाही."

"आत्ता गेला की," बायको म्हणाली.

दंतवैद्यांनी हातातल्या दोऱ्याकडे पाहिले. मधोमध माझा मणी लोंबकळत होता. मंडळाने आजवर तपासलेला प्रत्येक मणी असाच लोंबकळला होता, हे जमलेल्या सगळ्या सभासदांच्या हळूहळू ध्यानात आले. तातडीने ठराव झाला, की यापुढे न तपासलेले मणीच तपासलेले समजावेत. मीही हात वर केला. दुसऱ्या हाताने डोळे पुसत होतो.

बायकोने त्यांच्या हातून दोरा घेतला आणि तिथेच गळ्यात बांधला. मणी एका अंगाला झुकला, खिडकीचा उजेड आत शिरला आणि तो सोनेरी धूर हलला. खोटे कशाला बोलू, माझ्या कपाटात तो इतका सुंदर कधीच दिसला नव्हता. मला फार वाईट वाटले.

मंडळाने आता कथाही विचारात घ्यायला सुरुवात केली आहे. ही कथा थोड्या वेळापूर्वीपर्यंत कलाच होती. चांगली आहे का, हे बघायला म्हणून तुम्ही ती वाचून काढलीत. आता तिला रद्दीचा भाव येईल. तुमच्या कपाटातली न उघडलेली पुस्तके तेवढी तशीच राहू द्या, कारण मंडळ तुम्हाला रसिक मानते ते त्यांच्याच जोरावर.